दिवसा सांगितलेली गोष्ट

कथेचे घटक किती आणि कोणते, हा प्रश्न मी माझ्या नोकरीत इतक्या वेळा फळ्यावर लिहिला आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा सांगेन. पात्रं, स्थळ, काळ, घटना, संघर्ष, शेवट. खालच्या वर्गांत याला तात्पर्यही जोडावं लागतं. पोरं तात्पर्य आधी पाठ करतात आणि गोष्ट मागाहून, कारण तात्पर्याचा गुण वेगळा मिळतो. मी त्यांना रागवायची, पण मनातून मला त्यांचं पटायचं. मी स्वतः हे घटक ज्या दुपारी शिकले, त्या दुपारचं तात्पर्य मला अजून लिहिता आलेलं नाही.

आमचं गाव पवनी तालुक्यात, कोंढ्याहून पायी दीड तासावर. एसटी कोंढ्यालाच सोडून द्यायची. पुढे धानाच्या बांध्यांमधून धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे खाचरांच्या बांधांवरून चालायचं, मग तलावाची पाळ, मग थोडं पळसाचं रान, आणि मग गाव. शाळा सातवीपर्यंत होती, दोन खोल्यांची. सत्तरीच्या दशकातली ही हकिकत. मी तेव्हा सहावीत होते.

माझ्या आईला आम्ही माय म्हणत असू. तिला अक्षरओळख नव्हती, पण गोष्टी तिच्यापाशी इतक्या होत्या की त्या कुठून येतात हे आम्हाला कळत नसे. दिवेलागणीनंतर चूल आवरली की ती पडवीत बसायची आणि आळीतली पाच-सात पोरं आपापली फाटकी चादर घेऊन येऊन बसायची. गोष्ट सांगताना मायचा आवाज बदलायचा. एरवी ती चारचौघीत फार बोलणारी बाई नव्हती. गोष्टीत मात्र ती राजाला दम द्यायची, वाघाची टिंगल करायची.

पण हे सगळं दिवे लागल्यावर. दिवसा कितीही मागे लागलं तरी ती गोष्ट सांगत नसे. "दिवसा गोष्ट सांगतली का मामा वाट भुलते," एवढंच म्हणायची. हे काही तिचं एकटीचं नव्हतं. आमच्याकडच्या सगळ्याच घरांत हे असं होतं. गोष्ट सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा, दोघांचाही मामा वाट चुकतो, आणि सांगणारी आई असली तर तिच्या पोरांचाही, असं म्हणत. ज्यांना मामाच नव्हता ती पोरंसुद्धा दिवसा गोष्ट मागत नसत. आता वाटतं, बायांची दिवसाची कामं खोळंबू नयेत म्हणून कुण्या शहाण्या बाईनं हा नियम काढला असेल. तेव्हा मात्र तो नियम आमच्यासाठी विस्तवाइतका खरा होता.

माझ्या घरी तर जास्तच, कारण माझा मामा खरोखर लांबच्या वाटेवरचा माणूस होता. मायचा तो एकुलता एक भाऊ, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. आईबाप लवकर गेले. मायनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं आणि लग्न झाल्यावर सासरीही काही वर्षं सोबत ठेवलं. मिसरूड फुटल्यावर तो जिल्ह्याच्या पार उत्तरेला, नाकाडोंगरीकडे, मँगनीजच्या खाणीत कामाला लागला. तिथून तुमसर, तुमसरहून भंडारा, भंडाऱ्याहून कोंढा, आणि मग पायी. वर्षातून एकदा यायचा, आमच्या गावच्या मंडईला.

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची आमच्याकडची जत्रा. प्रत्येक गावची आपली वेगळी तारीख ठरलेली असते. दुकानं लागतात, भरदुपारी दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं नाटक होतं, सोंगं नाचतात, आणि घरोघरी पाहुणे येतात. मंडईला माहेरचं माणूस आलं की बाईची मान ताठ. मायच्या माहेरचं माणूस म्हणजे हा एकच. तो यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांच्या शिवणींत खाणीचा काळा भुगा असायचा. एकदा त्यानं मला तिथला काळा चकचकीत दगड आणून दिला होता. दगड मुठीएवढा, पण हातात घेतला की मनगट खाली जायचं. "वजनदार भाचीले वजनदार दगड," असं म्हणून तो हसला होता. मी तेव्हा काडीसारखी होते.

त्या वर्षी मायनं त्याच्यासाठी शेजारच्या गावातली एक मुलगी पाहून ठेवली होती. मुलीकडचे मंडईच्या दिवशी येणार होते. मामाचं कार्ड आलं होतं, ते मीच तिला वाचून दाखवलं. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचतो, असं त्यानं लिहिलं होतं. मायनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "बराबर वाचून राहिली ना तू?"

आमच्या गावची मंडई उशिरा असायची, तोवर शाळा सुरू झालेली असे. दिवाळीला एकदा भिंती पोतारून झाल्या होत्या, पण पाहुणे भावाला पाहायला येणार म्हणून मायनं मंडईच्या आदल्या दिवशी पुन्हा पांढरी माती कालवली. सकाळी तशाच हातांनी तिनं माझी वेणी घातली. वेणीवर आणि मानेवर पांढरी बोटं उमटली. दुपारच्या सुटीत मी जेवायला घरी आले तेव्हा ती शिडीवर होती. "भात काढून घे, मले खाली उतरवू नको," म्हणाली. गावात बऱ्याच जणांची कापणी लागली होती, पण आमचा धान भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, तो अजून उभाच होता, त्यामुळे ती घरीच होती. मी भात खाल्ला आणि परत शाळेत गेले.

सुटीनंतर मराठीचा तास. गुरुजी त्या वर्षीच नवे आलेले, तरणेताठे, उत्साही. त्यांनी फळ्यावर एकाखाली एक शब्द लिहिले: पात्रे, स्थळ, काळ, घटना, संघर्ष, शेवट. मग म्हणाले, उद्या तुम्ही दंडार पाहणार, त्यात राजा येईल, सोंगाड्या येईल, ती पात्रं. राजाला काहीतरी हवं असतं आणि कुणीतरी ते मिळू देत नाही, तो संघर्ष. मिळालं की नाही मिळालं, तो शेवट. इतकं सोपं आणि इतकं बरोबर मला पुढे ट्रेनिंग कॉलेजातही कुणी सांगितलं नाही.

मग ते म्हणाले की कुणीतरी एक गोष्ट सांगा, आपण तिच्यातून हे सगळे घटक शोधून काढू. साऱ्या वर्गानं माझ्याकडे पाहिलं. मायच्या गोष्टींची ख्याती गुरुजींच्याही कानावर गेली असावी. त्यांनी मला उभं केलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी नाई सांगत, गुरुजी. माहा मामा वाटंवर हाये."

वर्ग हसला नाही. सगळ्यांना ते पटलं होतं. हसले ते गुरुजी, आणि तेही वाईट हसले नाहीत. "एसटीनं येऊन राहिला ना मामा? मंग वाट पाहाचं काम डायवरचं आहे. तुले कायची फिकीर?"

आता मात्र पोरं हसली. मी खाली मान घालून उभी. माझ्या वेणीवरची पांढरी बोटं पाहून मागच्या बाकावरची एक जण फिसकन हसली. गुरुजी म्हणाले, "राहू दे मंग. हिले येत नसल. दुसरं कोण सांगते?"

हे मला लागलं. मला येत नसेल? मला? भीती होती, पण तिच्यापेक्षा मोठी हाव होती. सगळा वर्ग गप्प बसून माझ्याच तोंडाकडे बघतो आहे, हे मला एकदा पाहायचं होतं. माय गोष्ट सांगायची तेव्हा पोरं तिच्याकडे जशी पाहायची, तसं. मी सुरुवात केली.

गोष्ट मायचीच होती. एका गुराख्याची म्हैस हरवते. तो तिला शोधायला निघतो. तळ्याला विचारतो, तळं म्हणतं पाणी पिऊन गेली. मोहाच्या झाडाला विचारतो, झाड म्हणतं सावलीला बसून गेली. कावळ्याला विचारतो, कावळा म्हणतो माझ्याशी भांडून गेली. इथं मी कावळ्याचा आवाज काढला आणि गुरुजीसुद्धा खळखळून हसले. मध्येमध्ये ते मला थांबवून फळ्यावरच्या एकेका शब्दापुढे खूण करत होते. मग तो गुराखी रानात अशा जागी येतो जिथं तीन वाटा फुटतात. म्हशीच्या खुरांचे ठसे तिन्ही वाटांवर दिसतात. गुरुजींनी हात वर केला, "थांब. हा बघा संघर्ष."

तेवढ्यात घंटी झाली. सगळ्या शब्दांपुढे खूण झाली होती, शेवट तेवढा राहिला होता. गुरुजी म्हणाले, उद्या मंडईची सुटी, शेवट परवा ऐकू.

मी नाचत घरी गेले. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढे कित्येक वर्षं मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटली. वाटेत दोन मुलींनी मला विचारलं की पुढे काय होतं, आणि मी भाव खाऊन सांगितलं नाही. घराशी आले तर माय दारापाशी शेवटची भिंत पोतारत होती. सकाळपासून ती जेवलीही नव्हती. मला पाहून तिनं विचारलं, "मामा दिसला का वो वाटंनं?"

तेव्हा मला आठवलं.

त्या दिवशी मामा आला नाही. मंडईच्या दिवशीही आला नाही. मुलीकडचे आले, जेवले, दंडार पाहून गेले. मायनं त्यांना सांगितलं, सुटी मिळाली नसल. ती हसतमुखानं वाढत होती, पण पाणी द्यायला विसरत होती. तिसऱ्या दिवशी बाबा कोंढ्याला गेले. स्टँडजवळच्या हॉटेलवाल्यानं मामाला पाहिलं होतं. मंडईच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं तो उतरला होता. नवी पिशवी होती, अंगात नवा सदरा होता. चहा प्याला, तलावाच्या पाळीवर चिखल आहे का विचारलं, आणि आमच्या गावच्या वाटेला लागला. मी वर्गात कावळ्याचा आवाज काढत होते, त्याच सुमाराला.

पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. गावकऱ्यांनी पळसाचं रान धुंडाळलं. तलावात जाळी टाकून पाहिली. बाबा पवनीच्या ठाण्यात जाऊन आले, नाकाडोंगरीला जाऊन आले. खाणीवरच्या लोकांनी सांगितलं, आठ दिवसांची सुटी घेऊन गेला, परत आला नाही. मग लोक आपापल्या परीनं शेवट लावू लागले. कुणी म्हणे लग्नाला भिऊन पळाला. कुणी म्हणे नागपुराकडे दिसला होता. कुणी म्हणे वाघानं नेला, पण वाघ नव्या पिशवीसकट माणूस नेत नाही. पिशवीही कुणाला सापडली नाही.

आणि बाया विहिरीवर सहज बोलून जायच्या, "बिचारीचा भाऊ वाट भुलला." त्यांना बोलण्यात काही वेगळं म्हणायचं नसे. मी मात्र हिशेब लावून ठेवला होता. मी दिवसा गोष्ट सांगितली, आणि तीही अर्धी. गुराखी तीन वाटांवर उभा राहिला आणि मी घंटी वाजली म्हणून बाहेर पळाले. मामाही तसाच कुठंतरी उभा असणार.

गुरुजी एकदा आमच्या घरी आले. अंगणात उभ्यानंच बाबांशी बोलले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मंडईची सुटी संपल्यावर त्यांनी वर्गात एकदम पत्रलेखन सुरू केलं. कथेच्या शेवटाचं नाव त्या वर्षी पुन्हा निघालं नाही, आणि पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. मला त्यांचा राग आला नाही. वाईट वाटायचं. त्यांनी मला येत नसेल म्हटलं होतं ते मला डिवचायला, कुणाचं वाईट करायला नव्हे.

मायनं गोष्टी सांगणं बंद केलं. पोरं सवयीनं चादरी घेऊन आली तर म्हणाली, "आता मले आठवत नाई रे बाबू." चार-सहा दिवस येऊन पोरं यायची थांबली. मला खात्री झाली की हिला कळलं आहे. वर्गातल्या तीस पोरांनी ऐकलं होतं, कुणीतरी घरी सांगितलंच असणार, कुण्या बाईनं विहिरीवर हिच्या कानात घातलंच असणार. घरी कुणी बाई आली की मी मागच्या दारानं निघून जायची. पण माय मला कधी एका शब्दानं बोलली नाही. वेणी घालायची, भात वाढायची, परीक्षेला जाताना दही द्यायची. ती रागावली असती तर मी सुटले असते. मी सांगितलं असतं तरी सुटले असते. दर दिवाळीला मी ठरवायची की या वर्षी सांगायचं, आणि दर वर्षी मंडईच्या आदल्या दिवशी तिचं तोंड पाहून शब्द गिळायची.

दर वर्षी त्या दिवशी चारच्या सुमाराला ती गावाबाहेरच्या धुऱ्यावर जाऊन कोंढ्याच्या वाटेकडे तोंड करून उभी राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, म्हैस पाहाले आली. आमच्याकडची शेवटची म्हैस विकून कैक वर्षं झाली होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी तिला उलट बोलत नसे. आमचं गाव चांगलं होतं, एवढं म्हणायला हवं.

मी शिकले. भंडाऱ्याला ट्रेनिंग केलं. तिथल्या एका सरांनी कथेचा आणखी एक घटक शिकवला, निवेदक. गोष्ट कोण सांगतं आहे हे आधी पाहा, म्हणायचे, आणि तो सांगतो ते सगळं खरं धरू नका, त्याला काय हवं आहे ते शोधा. मी ते वहीत उतरवून घेतलं, अधोरेखित केलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरले.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला नोकरी लागली. घरापासून दोन गावं पलीकडची शाळा. कथेचे घटक शिकवायचे आले की मी व्याख्या सांगायची, लिहून द्यायची, घोकून घ्यायची. वर्गात गोष्ट मात्र सांगायची नाही, कुणाला सांगू द्यायची नाही. हेडमास्तर म्हणायचे, बाई, तुमचं शिकवणं पक्कं आहे पण कोरडं आहे. मी म्हणायची, हो सर. एकदा पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, शेवट नसला तं गोष्ट होते का?" मी म्हणाले, नाही होत. पुस्तकात तसंच होतं. ती मान डोलावून खाली बसली. मला मात्र त्या दिवशी पुढचं काही शिकवता आलं नाही. मी पोरांना शुद्धलेखन दिलं आणि खिडकीशी उभी राहिले.

तोवर बाबा गेले होते आणि मायला दम लागायला लागला होता. त्या हिवाळ्यात ती उठेनाशीच झाली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ आम्हा दोघींना कळला. मी रजा काढली. दुपारी मी तिची बाज अंगणात उन्हाला आणून ठेवायची आणि तिच्या पायांना तेल लावत बसायची. हडकुळे पाय, कातडी सैल. एका दुपारी मला वाटलं, आता नाही सांगितलं तर ही अशीच जाईल आणि मी अशीच राहीन. तेल लावता लावता, तिच्या तोंडाकडे न बघता, मी सगळं सांगून टाकलं. गुरुजी, फळा, कावळा, घंटी. नाचत घरी आले तेही सांगितलं.

तिनं डोळ्यांवर हात आडवा धरला. मग तिनं विचारलं, "कोनती सांगतली?"

"म्हशीवाली."

"पुरी सांगतली का?"

"नाई. घंटी झाली."

"कोठवर आली होती?"

"तीन वाटांवर."

तिनं डोळे मिटले आणि हसल्यासारखं केलं. म्हणाली, "मंग तुही गोष्ट नाई लागत, बाई. अर्धी गोष्ट लागत नसते. माही लागली."

मी तिच्याकडे पाहिलं. ती थांबत थांबत सांगू लागली. त्या दिवशी ती कापणीला गेली होती. दुपारी बाया धुऱ्यावर जेवायला बसल्या. ऊन मोठं होतं, मडक्यातलं पाणी तापलं होतं. एक नवी सून होती, माहेरच्या आठवणीनं रडत होती. एक म्हातारी म्हणाली, सांग वो एखादी गोष्ट, पोरीचं मन लागंल. मायनं आधी नाही म्हटलं. मग त्या सुनेचं तोंड पाहवेना, म्हणून सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. सून हसली, बाया हसल्या, आणि सगळ्या पुन्हा विळे घेऊन बांधीत उतरल्या. "भर दुपारची सांगतली मी," माय म्हणाली. "माह्याच भावाले. म्हनून मंग बंद केली. तुह्यापाई नाई, पोरी. माह्यापाई."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले. इतकं मी मामा गेल्यावरही रडले नव्हते, कारण तेव्हा रडायचा मला हक्क नाही असं वाटत होतं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "येवढे वर्सं धरून बसली? मले सांगाचं असतं ना." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आता सांग ते गोष्ट. पुढची."

"आता? दिवसा?"

"आता वाटंवर कोनी नाई," माय म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदा तोंडानं म्हटलं होतं. मी सुरू करायला गेले, पण गुराखी या शब्दापुढे जाता येईना. राहू दे, म्हणाली ती. त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी ती गेली.

त्या दिवसांत मी हलकी झाले होते, हे खरं आहे. आई गेल्याचं दुःख होतं, पण त्याच्या खालचा तो जुना दगड निघाला होता. शाळेत परत गेले आणि वर्गात पहिल्यांदा गोष्ट सांगितली. हेडमास्तर दारात येऊन ऐकत उभे राहिले.

पुढच्या मंडईला मी घरी गेले. घर बंद असायचं, भिंती कळकट झाल्या होत्या. आदल्या दिवशी पांढरी माती कालवली आणि पोतारायला घेतलं. दुपारी केस तोंडावर येऊ लागले म्हणून तशाच हातांनी वेणी मागे टाकली. हात मानेला लागला. ओली, गार माती मानेवर लागली, आणि मी शिडीवर होते तिथंच थांबले.

माय त्या दिवशी कापणीला गेलीच नव्हती. दुपारी ती याच शिडीवर होती. मी याच घरात भात काढून खाल्ला होता. आमचा भारी धान उभा होता, आणि मी संध्याकाळी आले तेव्हा ती उपाशीच शेवटची भिंत पोतारत होती. धुरा नव्हता, तापलेलं मडकं नव्हतं, रडणारी सून नव्हती. तिनं ती गोष्ट माझ्यासमोर, उन्हात, बाजेवर पडल्या पडल्या रचली होती. पात्रं होती, काळ होता, संघर्ष होता, शेवटही होता. स्थळ तेवढं चुकलं होतं. पंधरा-पंधरा ओळींच्या गोष्टींतल्या चुका लाल शाईनं काढणारी मी, मला ती चूक दिसली नाही, कारण मला ती गोष्ट खरी हवी होती.

आणि मग हेही मनात आलं की कदाचित तिला आधीपासून माहीत असेल. तीस पोरांतल्या एकानं तरी सांगितलंच असेल. तसं असेल तर गोष्टी तिनं का बंद केल्या, ते आता मला कोण सांगणार? एवढंच कळत होतं की दिवसाच्या गोष्टीनं मामा वाट चुकतो यावर तिचा माझ्यापेक्षा पक्का विश्वास होता, आणि तरी तिनं ते माझ्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि तसंच घेऊन गेली. मला ते परत घेता येईना. मागणार कुणाकडे?

मी खाली उतरले. चार वाजत आले होते. हात न धुताच गावाबाहेरच्या धुऱ्यावर गेले आणि कोंढ्याच्या वाटेकडे तोंड करून उभी राहिले. धान पिवळा झाला होता, अजून ऊन होतं. एक म्हातारी गवताचा भारा घेऊन चालली होती. तिनं थांबून विचारलं, "काहून वो बाई, येथं काहून उभी?"

मी म्हणाले, म्हैस पाहाले आली. म्हातारीनं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि भारा सावरत निघून गेली.

मग मी ती गोष्ट सांगितली, मोठ्यानं, ऐकायला कुणी नसताना, तीन वाटांपासून पुढे. गुराखी तिन्ही वाटांवर थोडं थोडं जाऊन पाहतो आणि परत येतो. त्याला कळतं की एक वाट धरली तर दोन सुटतात. म्हणून तो कुठंच जात नाही. तिथंच उभा राहतो, वाट पाहतो, आणि ऊन उतरल्यावर म्हैस आपली आपण त्याच्यापाशी येते. लहानपणी मला हा शेवट फार मिळमिळीत वाटायचा. मी मायला म्हणायची, यात काही झालंच नाही. ती म्हणायची, उभं राहणं का सोपं असते?

गोष्ट संपली. मी आणखी थोडा वेळ थांबले, मग घरी येऊन हात धुतले.